गेलेला रंग आणि झाकलेला रंग : जुन्या चित्रपट-पोस्टरांच्या जतनाविषयी

आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सिनेमाच्या पोस्टरांवर काय बोलणार. उत्तर सोपं आहे. ‘वस्तू बदलली तरी ती तीच वस्तू राहते का’ हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. वर्गात तो शिकवताना आम्ही रथ, जहाज, मडकं अशी उदाहरणं घेतो आणि तास संपला की प्रश्न फळ्याबरोबर पुसला जातो. पण हाच प्रश्न मुंबईच्या चोर बाजारातल्या दुकानात, लिलावात, आणि कुणाच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली की खराखुरा उभा राहतो. तिथे त्याचं उत्तर देणाऱ्याच्या हातात ब्रश असतो. उत्तर चुकलं तर वस्तू कायमची बदलते.

मला आज मुख्यतः एकच भेद आपल्यापुढे ठेवायचा आहे. जुन्या पोस्टरचा रंग ‘गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. कधी रंग झाकला गेलेला असतो, म्हणजे धूळ, धूर, पिवळा पडलेला कागद, जुनी खळ यांच्या आड गेलेला असतो. आणि कधी तो खरोखरच गेलेला असतो, म्हणजे ज्या पदार्थामुळे रंग दिसायचा तो पदार्थच उरलेला नसतो. पहिल्याला उपाय आहे. दुसऱ्याला नाही. दुरुस्तीच्या नावाखाली जे बिघडतं, त्यातलं बरंचसं हे दोन एकच समजल्यामुळे बिघडतं.

ही वस्तू मुळात कशी आहे

आधी पोस्टर म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. आपल्याकडे रंगीत चित्रं मोठ्या संख्येने छापण्याची परंपरा शिळाछापातून आली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छपाईच्या जगात होते, रविवर्मा प्रेसमध्येही त्यांनी काम केलं. म्हणजे आपला सिनेमा आणि आपली रंगीत छपाई ही जवळजवळ एका घरातली भावंडं आहेत. बाबुराव पेंटर यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे उपलब्ध भारतीय सचित्र पोस्टरांतलं सर्वांत जुनं मानलं जातं. कोल्हापूरच्या त्या परंपरेतून आलेले ग. कांबळे यांनी ‘मुगल-ए-आझम’साठी चित्रं केली. पुढे दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या चित्रपटांची पोस्टरं केली, त्यातला रंग जाड, पट्ट्यापट्ट्यांनी ओढलेला दिसतो.

पण लक्षात घ्या, चित्रकाराने रंगवलेलं चित्र वेगळं आणि भिंतीवर लागणारं पोस्टर वेगळं. चित्रावरून आधी दगडावर, नंतर जस्ताच्या पत्र्यावर आणि पुढे ऑफसेट यंत्रावर प्रत्येक रंगाचा वेगळा छाप तयार व्हायचा. लाल, पिवळा, निळा, काळा असे थर एकावर एक बसत आणि ३० बाय ४० इंचांचं पोस्टर तयार होई. ते जगायचं किती दिवस? सिनेमा चालेल तितके आठवडे. मैद्याच्या खळीने भिंतीवर चिकटवायचं, पुढच्या शुक्रवारी त्यावरच दुसरं चिकटवायचं. त्यामुळे कागद स्वस्त, शाई स्वस्त. टिकाऊपणा हा विचार त्या व्यवहारात कुठेच नव्हता, आणि त्यात त्या लोकांचं काही चुकलंही नाही.

आज मात्र याच कागदांवर मोठी जबाबदारी येऊन पडली आहे. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिली आहेत ती छायाचित्रं आणि थोडं छापील प्रसिद्धीसाहित्य. मूकपटांतले तर बहुतेक गेले. अशा चित्रपटांच्या बाबतीत पोस्टर ही जाहिरात राहत नाही, ती साक्ष होते. म्हणून तिच्यावर कुणी काय रंगवलं, हा नुसता सजावटीचा प्रश्न नाही.

रंग जातो म्हणजे काय होतं

शाईतला रंग हा एका पदार्थाचा, रंगद्रव्याचा, गुण असतो. या द्रव्याचे रेणू पांढऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेतात आणि उरलेला परत पाठवतात. परत आलेला भाग म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. आता जो प्रकाश शोषला, त्याची ऊर्जा कुठेतरी जायला हवी. बहुतेक वेळा ती उष्णता होऊन निघून जाते. पण अधूनमधून एखादा रेणू त्या धक्क्याने मोडतो, हवेतला प्राणवायू आणि दमटपणा त्याला हातभार लावतात. मोडलेला रेणू पूर्वीसारखा प्रकाश शोषत नाही, म्हणजेच तो रंगीत राहत नाही. असे कोट्यवधी रेणू मोडले की आपण म्हणतो, पोस्टर उडालं.

सगळे रंग सारखे उडत नाहीत. काळी शाई काजळीची, म्हणजे कार्बनची असते. ती जवळजवळ अढळ. निळ्यात १९३५च्या सुमारास थॅलोसायनिन नावाचं तांबंयुक्त रंगद्रव्य बाजारात आलं, ते फार मजबूत निघालं. स्वस्त लाल, गुलाबी आणि बरेचसे पिवळे मात्र नाजूक असतात. एक कारण असं की लाल आणि पिवळी द्रव्यं प्रकाशातला निळ्या-हिरव्या बाजूचा, जास्त ऊर्जेचा भाग शोषतात, तर निळं द्रव्य लाल बाजूचा कमी ऊर्जेचा भाग शोषतं. दुसरं कारण रेणूच्या रचनेचं. परिणाम आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. इराण्याच्या हॉटेलात किंवा केशकर्तनालयात वर्षानुवर्षं लटकलेलं चित्र निळसर-हिरवट होतं, नायिकेच्या गालावरची लाली जाते आणि सगळी मंडळी आजारी दिसू लागतात.

गंमत अशी की सिनेमाच्या फिल्मच्या बाबतीत याच्या उलट घडतं. त्या काळातली पोस्टरं ‘ईस्टमनकलर’ हा शब्द मोठ्या दिमाखात मिरवायची. १९५०च्या दशकापासून १९८०च्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमनकलर प्रतींमध्ये निळसर रंजक सर्वांत आधी क्षीण होतो, आणि तोही डब्याच्या अंधारात, नुसत्या उष्णतेने आणि काळाने. म्हणून जुनी प्रत पडद्यावर गुलाबी दिसते. एकाच सिनेमाची फिल्म डब्यात गुलाबी होते आणि पोस्टर भिंतीवर निळं. तेव्हा ‘जुना सिनेमा असाच दिसायचा’ असं आपण दोन्ही पाहून म्हणतो, ते दोन्ही वेळा खोटं असतं.

एक अपवादही सांगतो, कारण अपवादातून नियम नीट कळतो. जुन्या छपाईत प्रशियन निळा वापरला जाई. तो प्रकाशाने फिका पडतो, पण अंधारात ठेवला तर हवेतल्या प्राणवायूमुळे बराचसा परत येतो. इथे रेणूची मांडणी तुटत नाही, लोहाच्या अणूंची अवस्था तेवढी बदलते आणि ती उलट फिरू शकते. लाल शाईच्या बाबतीत असं परतणं नाही. ती अंधारात शंभर वर्षं ठेवा, जशी ठेवली त्यापेक्षा लाल होणार नाही.

प्रकाशाचा हिशेब

उडण्याचं प्रमाण दोन गोष्टींवर ठरतं, प्रकाश किती आणि किती वेळ. साधारणपणे या दोघांचा गुणाकार महत्त्वाचा. प्रकाश ‘लक्स’मध्ये मोजतात. नाजूक कागदी वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज ८ तास, वर्षाचे ३६५ दिवस असा हिशेब केला तर वर्षाला १ लाख ४६ हजार लक्स-तास होतात. आता भर दुपारचं थेट ऊन घ्या. ते सुमारे १ लाख लक्स असतं. म्हणजे संग्रहालयात पोस्टरला वर्षभरात जेवढा प्रकाश मिळतो, तेवढा गच्चीवर ‘जरा ऊन दाखवायला’ ठेवलं तर दीड तासात मिळतो. आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मार वेगळाच.

घरातल्या भिंतीचं पाहू. दिवाणखान्यात दिवसाउजेडी आणि दिवे लावून सरासरी २०० लक्स धरा, रोज १० तास. वर्षाला ७ लाख ३० हजार लक्स-तास झाले, म्हणजे संग्रहालयाची पाच वर्षं. खिडकीसमोरची भिंत असेल तर याच्याही कितीतरी पट.

या हिशेबातल्या दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, हा खर्च साठत जातो. पोस्टर सहा महिने अंधारात ठेवलं म्हणून आधीचा खर्च भरून निघत नाही. रंग ही व्याज न देणारी ठेव आहे, काढाल तेवढी कमी होते. दुसरी गोष्ट, उडण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे मंदावतो. त्यामुळे अर्धं उडालेलं पोस्टर आता स्थिर झालंय असं वाटतं, आणि घडी घालून ठेवलेलं, रंग ताजे असलेलं पोस्टर सगळ्यांत मोठ्या धोक्यात असतं. नेमकं तेच सापडल्यावर आपण कौतुकाने फ्रेम करून उजेडात लावतो.

मडक्याचा वाद

इथे थोडं माझ्या विषयाकडे वळतो. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांत एक प्रसिद्ध वाद आहे. कच्चं मडकं काळपट असतं, भट्टीतून लाल होऊन येतं. तेजाच्या संयोगाने बदलणाऱ्या अशा गुणाला ते ‘पाकज’ म्हणतात. प्रश्न असा की बदल नेमका कुठे झाला? वैशेषिक म्हणाले, अग्नीने मडकं परमाणूंपर्यंत विलग होतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि मग नवं मडकं जुळून येतं. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, असं कसं, मडकं तर आमच्या डोळ्यांदेखत जसंच्या तसं असतं. अख्ख्या मडक्यातच, ते न मोडता, रंग बदलतो. हा पिठरपाकवाद.

आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र माहीत होतं असं मी म्हणत नाही. कृपया तसा अर्थ काढू नये. मला त्यांच्या प्रश्नाची घडण उपयोगी वाटते. पोस्टरच्या बाबतीत दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कागद तोच, आकृती तीच, चित्रकाराची रेषा तीच, म्हणून नैयायिकासारखं म्हणता येतं की वस्तू तीच आहे. पण रंगाच्या बाबतीत वैशेषिकाचं ऐकावं लागतं. बदल सूक्ष्म पातळीवर झाला आहे आणि जे मोडलं ते मोडलं. म्हणून या दोन भागांना दोन वेगळे नियम लावायला हवेत.

झाकलेल्या रंगासाठी काय करता येतं

कागदाच्या बाजूने खूप काही करता येतं. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन प्रकाशाने आणि हवेने पिवळं-तपकिरी होतं. शिवाय शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीचा लेप देत. ही युक्ती १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिग याने मांडली आणि पुढे जगभर पसरली. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं, ते कागदाचे तंतू तोडत जातं. म्हणून घडीवर पोस्टर विडीच्या पानासारखं तडकतं.

जाणकार संवर्धक आधी प्रत्येक बाजूची छायाचित्रं घेतो. मग मऊ ब्रशने आणि रबराच्या भुकटीने कोरडी सफाई करतो. नंतर प्रत्येक शाईच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून ती विरघळते का ते पाहतो. छापील शाई बहुधा टिकते, पण थिएटरचा रबरी शिक्का किंवा हाताने लिहिलेली तारीख हमखास पसरते. हे सगळं पाहून झालं की गरजेप्रमाणे पाण्यात धुणं. कागदातला विरघळणारा पिवळेपणा आणि आम्ल पाण्यात उतरतं, पाणी चहासारखं होतं. मग सौम्य अल्कलीने उरलेलं आम्ल मारतात. त्यानंतर मागून जपानी कागदाचा आधार, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. पाहा, भिंतीवर चिकटवायलाही खळ आणि वाचवायलाही खळ. तिचा मोठा गुण हा की पाण्याने ती पुन्हा सुटते.

धुतल्यानंतर पोस्टर उजळ दिसतं. रंग परत आला असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात रंग जिथे होता तिथेच होता. कागदाची पांढरी पार्श्वभूमी स्वच्छ झाली म्हणून तो दिसू लागला. झाकलेला रंग म्हणतो तो हा.

पण इथेही घाई नको. प्रशियन निळा अल्कलीत टिकत नाही, तपकिरी पडतो. म्हणजे कागद वाचवणारं औषध निळ्या आकाशाचा जीव घेऊ शकतं. ब्लिचिंगचं तसंच. जोरदार ब्लिचने डाग एका तासात जातो, पण कागदाचे तंतूही तुटतात आणि काही वर्षांनी डाग परतही येतो.

गेलेल्या रंगाचं काय करायचं

आता खरा अवघड भाग. पोस्टर स्वच्छ झालं, आधार मिळाला, पण नायिकेची साडी लाल होती ती मातकट राहिली आहे. काय करायचं?

बाजारातलं उत्तर आहे, रंगवून टाका. एअरब्रशने लाल फवारा, ओठ गडद करा, पिवळी अक्षरं परत पिवळी करा. भिंतीवर छान दिसतं, किंमतही वाढते. माझी हरकत सौंदर्याविषयी नाही, माहितीविषयी आहे. कुठला लाल द्यायचा, हे रंगवणाऱ्याला कसं कळलं?

आपल्या पोस्टरांत हा प्रश्न विशेष टोकदार आहे. आपल्या चित्रकारांनी चेहरे निसर्गातल्या रंगात रंगवले नाहीत. संतापलेला नायक लाल, खलनायक हिरवा, अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी, हे त्यांचं व्याकरण होतं. आता एका पोस्टरवर निळसर चेहरा आहे. लाल उडाल्यामुळे तो निळा झाला, की चित्रकाराने तो निळाच रंगवला होता? नुसतं पाहून सांगता येणार नाही. आणि जो सांगता येत नसताना त्वचेचा ‘नैसर्गिक’ रंग भरतो, तो पोस्टर दुरुस्त करत नाही, तो चित्रकाराची चूक काढतो. तीही न झालेली चूक.

पुरावा शोधता येतो. फ्रेमच्या माउंटखाली झाकलेली कड उजेडापासून वाचलेली असते. तिथला लाल आणि मधला लाल यांत फरक असेल तर रंग उडालाय हे नक्की. घडीच्या आतला भाग, जुन्या चिठ्ठीखालची जागा, त्याच पोस्टरची दुसरी प्रत, हे साक्षीदार आहेत. पण दुसऱ्या प्रतीबाबतही सावध राहावं लागतं. पोस्टर ही अनेक प्रतींत जन्मणारी वस्तू. पहिल्या शंभर प्रतींत शाई जाड, पुढच्यांत पातळ. सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला की नव्याने छपाई, तीही कधी दुसऱ्या शाईत. म्हणजे ‘मूळ रंग’ असा एकच रंग छापखान्यातून बाहेर पडतानाही नव्हता. त्या रंगांचा एक पट्टा होता. रंगवणारा त्या पट्ट्यातला एक बिंदू निवडतो आणि तोच मूळ म्हणून कायम करतो.

मग अजिबात हात लावायचा नाही का? तसं नाही. जिथे कागदच फाटून गेला आहे, भोक पडलं आहे, तिथे नवा कागद जोडून त्यावर आजूबाजूशी जुळणारा, थोडा मवाळ रंग द्यायला हरकत नाही. इटलीचे चेझारे ब्रांदी यांनी याबाबत एक पथ्य घालून दिलं. १९६३ साली त्यांचा जीर्णोद्धाराच्या सिद्धांतावरचा ग्रंथ आला. भरलेला भाग लांबून चित्रात मिसळावा, पण जवळून पाहणाऱ्याला ओळखू यावा, हे त्याचं सार. त्यासाठी रोममध्ये बारीक उभ्या रेघांनी रंग भरण्याची पद्धत विकसित झाली. कागदाच्या कामात याला आणखी एक अट जोडतात, की भरलेला रंग पुढे कुणालाही काढता यावा. थोडक्यात, नसलेल्या जागी भरा, असलेल्या शाईवर चढू नका. उडालेली शाई ही अजून असलेली शाई आहे.

कागदाशेजारी

पण मग ती लाल साडी लोकांना कधीच दिसायची नाही का? याचं एक सुंदर उत्तर चित्रकलेच्या जगातून मिळालं आहे, आणि त्यातला गुन्हेगार आपल्या ओळखीचाच आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको याने हार्वर्ड विद्यापीठासाठी मोठी चित्रं केली. १९६४ साली ती एका भोजनकक्षात लागली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. चित्रांत त्याने लिथॉल रेड नावाचा लाल वापरला होता, छपाईच्या शाईत वापरला जाणारा स्वस्त आणि प्रकाशाला न टिकणारा लाल. चित्रं इतकी उडाली की १९७९ साली ती काढून कोठारात ठेवावी लागली.

वरून रंगवणं अशक्य होतं, कारण ब्रशचा प्रत्येक फटकारा रॉथकोचा राहिला नसता. शेवटी तिथल्या संशोधकांनी १९६४ची रंगीत छायाचित्रं घेतली. तीही उडालेली, म्हणून आधी त्यांचे रंग संगणकाने सावरले. भिंतीवर न लागल्यामुळे वाचलेल्या एका चित्राशीही ताळा केला. मग २०१४च्या प्रदर्शनात त्यांनी प्रोजेक्टरने प्रत्येक बिंदूवर नेमका तेवढाच रंगीत प्रकाश टाकला, जेवढा रंग तिथून गेला होता. चित्रं पुन्हा लाल-किरमिजी दिसली. रोज संध्याकाळी ४ वाजता प्रोजेक्टर बंद करत, आणि लोक ते पाहायला थांबत. एका क्षणात चित्र आपल्या आजच्या रूपात परत येई. चित्राला कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

आपल्याकडे प्रत्येक पोस्टरला प्रोजेक्टर लावायची गरज नाही. पण त्यातलं तत्त्व उचलता येतं. गेलेला रंग दाखवायचा असेल तर तो कागदावर चढवू नका, शेजारी दाखवा. पोस्टर चांगल्या प्रकारे स्कॅन करा, एक प्रत जशी आहे तशी जपा, दुसऱ्या प्रतीत रंग सावरा आणि तिच्यावर स्पष्ट लिहा की हा अंदाज आहे, अमुक पुराव्यावरून केलेला. उद्या कुणाला झाकलेली कड सापडली, दुसरी प्रत मिळाली, तर अंदाज सुधारता येईल. कागदावर चढवलेल्या रंगाला सुधारणा नसते. मुख्य म्हणजे ती छापील प्रत तुम्ही खुशाल उन्हात लावू शकता.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : देवळातल्या मूर्तीला वज्रलेप करतात, सभामंडपाला नवा रंग देतात. मग पोस्टरलाच एवढं सोवळं का?*

चांगला प्रश्न आहे. मूर्ती आजही पूजेत आहे, तिचं काम चालू आहे. ते चालू राहावं म्हणून झीज थांबवण्याचे उपाय होतात, आणि त्यांवरही किती वाद होतात हे पंढरपूरच्या बाबतीत आपण पाहिलं आहे. पोस्टरचं काम, लोकांना थिएटरात आणण्याचं, कधीच संपलं. आता ते साक्षीदार म्हणून आपल्याकडे आहे. साक्षीदार म्हातारा असला, अडखळत बोलत असला तरी त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं. तो कमी बोलतो म्हणून त्याच्या वतीने आपण बोलायचं नसतं.

*प्रश्न : मी एक पोस्टर विकत घेतलं, ते वरून रंगवलेलं आहे असं आता कुणीतरी म्हणतं. कसं ओळखायचं? आणि ही फसवणूक समजायची का?*

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शिळाछापात कण अनियमित, खडूच्या रेषेसारखे दिसतात. ऑफसेटमध्ये ठिपक्यांच्या नियमित रांगा दिसतात. वरून दिलेला रंग या कणांवरून, ठिपक्यांवरून सरसकट वाहत जातो. अतिनील टॉर्चखालीही नवा रंग पुष्कळदा वेगळा चमकतो. फसवणुकीचं म्हणाल, तर रंगवणं हा प्रश्न एक आणि न सांगणं हा प्रश्न दुसरा. विकणाऱ्याने काय काय केलंय ते लिहून दिलं असेल तर तुम्ही जाणूनबुजून घेतलंत. लपवलं असेल तर ती फसवणूकच. एवढं मात्र करा, रंग काढायला स्वतः पाणी किंवा थिनर लावू नका. खालची शाईही बरोबर जाईल.

*प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी जमवलेली पंचवीस-तीस पोस्टरं आहेत. काही फ्रेममध्ये, काही गुंडाळून. हजारो रुपये खर्च न करता काय करावं?*

बहुतेक गोष्टी फुकट आहेत. आज घरी गेल्यावर फ्रेममधली पोस्टरं खिडकीसमोरून आणि ट्यूबलाइटच्या खालून हलवा. वर्षातून तीन-चार महिने लावा, मग पाळी बदला. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, ती चांगलीच, पण ती दिसणारा प्रकाश अडवत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर ऊन येऊ देऊ नका. पोस्टर काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवा. चिकटपट्टी अजिबात नको, तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी होतो. गरम लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही.

गुंडाळलेली पोस्टरं हळूहळू सपाट करा. तडकत असतील तर ओढू नका. मग आम्लरहित कागदाच्या घड्यांत, मोठ्या सपाट पेटीत ठेवा. पीव्हीसीचे प्लास्टिक कव्हर नको, साधी पॉलिएस्टर फिल्म चालते. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, आणि कोकणात, मुंबईत तो सहज जातो. म्हणून पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, दसऱ्याच्या सुमारास एकदा उघडून कसर, वाळवी पाहा. माळाही नको, पत्र्याखाली फार तापतं.

आणि एक काम आधी करा, पैसे लागत नाहीत. प्रत्येक पोस्टरचा दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. पोस्टर कुठून आलं, कोणत्या थिएटरचं, वडिलांना कधी मिळालं, एखादं कुणी दुरुस्त केलं असेल तर काय केलं, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून बरोबर ठेवा. पोस्टरच्या पाठीवर लिहू नका. तुमच्यानंतर जो कुणी ती पेटी उघडेल, त्याला रंग किती उरलाय हे दिसेलच. किती होता, हे तुम्ही आज काढलेल्या फोटोवरूनच कळेल.